परीक्षानळीतला गुलाबी

“यातलं पिकलेलं कुठलं?”

राजेश्वरीनं मान वळवली. कॉलेजच्या फाटकाबाहेर सारजाबाई बोरांची पाटी घेऊन बसायच्या. त्या पाटीपुढं ती उकिडवी बसली होती आणि शेजारी हा कोण एक मुलगा येऊन बसला होता. तळहातावर दोन बोरं. एक पिकून लालभडक झालेलं, दुसरं हिरवंगार, दगडासारखं. आणि चेहरा असा गंभीर, जणू पेपरातला अवघड प्रश्न पडलाय.

“माझ्याशी बोलताय?”

“हो. मावशी गिऱ्हाइकात गुंतल्यात. म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

“दाबून बघा की.”

“दाबलं की मावशी हातावर मारतात.”

सारजाबाईंनी खरंच डोळे वटारले. राजेश्वरीला हसू आलं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल असला प्रश्न... बोलायला निमित्त हवं असणार, दुसरं काय! तिनं पाटीतली चांगली बोरं वेचली आणि त्याच्या रुमालात टाकली. तो “थँक्यू” म्हणून उठला, दोन पावलं गेला, वळला, एक बोर तोंडात टाकलं आणि डोळे मिटून मान डोलवली. बास, एवढंच.

पण राजेश्वरी खोलीवर पोचेपर्यंत स्वतःशीच हसत होती. आणि हसतेय हे लक्षात आल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

धाराशिवला आल्यापासून ती कुणाशी धड बोललीच नव्हती. कळंबच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, तेव्हा सहा जणींचा घोळका होता. एकेकीची लग्नं झाली. कुणी लातूरला, कुणी बार्शीला, कुणी पुण्याला गेली. राहिली ही एकटी. आण्णांच्या मागं लागून लागून तिनं एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तोही अगदी शेवटच्या फेरीत. “एक वर्ष बघू,” आण्णा म्हणाले होते. “करमलं तर शिक. नाहीतर एक चांगलं स्थळ आहेच.”

करमलं तर! ती आली तेव्हा वर्गात सगळ्यांचे गट पडले होते. कोण कुणाशेजारी बसणार, कोण कुणाच्या डब्यातलं खाणार, सगळं ठरून गेलं होतं. कुणी वाईट वागत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. कुणी वागतच नव्हतं. हजेरी सोडली तर तिचं नाव कुणाच्या तोंडी यायचं नाही. तीही पहिल्या बाकावर मान खाली घालून बसायची; मागच्यांचे चेहरेसुद्धा तिला नीट माहीत नव्हते.

खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची, फडताळातली भांडी आपोआप वाजायची आणि केसांवर पांढरी धूळ बसायची. घरमालकीण धुरपताबाईंना कमी ऐकू यायचं. राजेश्वरीनं “येते हं” म्हटलं की त्या “जेवले बाई” म्हणायच्या. संध्याकाळी आईचा फोन यायचा.

“जेवलीस का?”

“व्हय.”

“करमतंय का?”

“व्हय की.”

मग दोन्हीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल होतं, तिचं पहिलंच. लोमटे मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग सगळ्या टेबलांकडं पाहिलं.

“जोड्या तर सगळ्यांच्या झाल्यात गं. असं कर, त्या खिडकीजवळच्या टेबलावर कैवल्य एकटाच असतो. त्याच्याबरोबर हो.”

खिडकीजवळ पाठमोरा उभा असलेला मुलगा वळला. दोघंही एकदमच म्हणाले, “तुम्ही?”

“बोरं गोड निघाली,” तो म्हणाला.

“निघणारच. निवडली कुणी होती?”

पांढऱ्या एप्रनमध्ये तो जरा जास्तच उंच दिसत होता. तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घराण्यातला; वडील अंबादासराव शाळेत शिक्षक. वर्गात त्याला सगळे घमेंडखोर समजायचे. कुणाबरोबर जोडी करत नाही, विचारलं तर टाळतो. राजेश्वरीला मात्र तो घमेंडखोर वाटला नाही. त्यानं तिच्यासाठी सरकून जागा केली, आणि आपला स्वच्छ धुतलेला परीक्षानळ्यांचा स्टँड तिच्याकडं ढकलला.

प्रॅक्टिकल म्हणजे असं, की मॅडम एका छोट्या बाटलीत एक अनोळखी पदार्थ द्यायच्या. नाव नाही, गाव नाही. वेगवेगळ्या चाचण्या करून तो कोण ते शोधायचं.

“या सगळ्यांत कार्बन आणि ऑक्सिजनची दुहेरी गाठ सारखीच असते,” कैवल्य म्हणाला. “कार्बोनिल. फरक एवढाच, की त्या कार्बनच्या शेजारी कोण बसलंय. हायड्रोजन बसला तर अल्डिहाइड. दोन्हीकडं कार्बन असले तर कीटोन. ओएच आला की अॅसिड. त्या ओएचमधल्या हायड्रोजनच्या जागी कार्बन जोडला की एस्टर. आणि नायट्रोजन येऊन बसला तर अमाइड. शेजार बदलला की स्वभाव बदलतो.”

“आणि शेजारी कुणीच नसलं तर?”

ती सहज बोलून गेली होती. त्यानं हातातली नळी खाली केली, तिच्याकडं पाहिलं.

“असं होत नाही,” तो म्हणाला. “कार्बनला एकटं राहता येत नाही.”

तिनं घाईघाईनं बर्नर पेटवला.

त्या दिवशी पदार्थात डीएनपीचं द्रावण घातल्याबरोबर नळीत गाळ तयार झाला. कैवल्य नळी खिडकीच्या उजेडात धरून उभा राहिला. मग ती नळी त्यानं तिच्यापुढं केली.

“तुला काय दिसतंय... सांग.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“केशरी.”

“नुसतं केशरी? नीट सांग ना. कशासारखं?”

“कशासारखं म्हणजे...” ती लाजली. मग नळी डोळ्यांजवळ धरली. “झेंडूसारखं. पण ताजा झेंडू न्हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाराला असतो ना तोरणात, तसला. कडेनं जरा करपलेला.”

तो इतका मन लावून ऐकत होता, की तिला वाटलं, आपण कुठली तरी मोठी गोष्टच सांगतोय. तिचं बोलणं असं कुणी ऐकून किती काळ लोटला होता!

त्यानंतर ते रोजचंच झालं. बाकी सगळ्यात तो पटाईत होता. वास ओळखण्यात, वजन करण्यात, चाचणीमागचं कारण सांगण्यात. पण नळीत रंग आला की नळी तिच्याकडं यायची. “सांग.” आणि ती सांगायची. क्रोमिक अॅसिडचा नारिंगी रंग अल्डिहाइडनं हिरवा व्हायचा – “शेवाळलेल्या हौदासारखा.” एस्टरला फेरिक क्लोराइडनं जांभळट लाल रंग यायचा – “जांभूळ खाल्ल्यावर जीभ होती ना, तसा.” शिफच्या बिनरंगी पाण्यात अल्डिहाइडचे दोन थेंब पडले की हळूहळू गुलाबी चढायचा –

“तो कशासारखा?” कैवल्यनं विचारलं.

राजेश्वरीनं नळी हलवली. “सांगू न्हाय शकत.”

“का?”

“कुणी एखादीला विचारलं, आणि तिला बोलता आलं न्हाय... की गालावर येतो तसा.”

तो तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिला, फार नवलानं, जणू तिथं काय घडतंय ते त्याला शोधून काढायचंय. तिनं मान खाली घातली आणि एक कोरडी, स्वच्छ नळी पुन्हा धुवायला घेतली.

आता गिरणीवरची खोली तितकी रिकामी वाटेना. सकाळी उठल्यावर ती खिडकीतून दिसेल त्याचे रंग मनातल्या मनात जुळवून ठेवायची. आई फोनवर “करमतंय का” म्हणाली, की “व्हय की” आता खरं असायचं. गंमत म्हणजे, लॅबच्या बाहेर दोघं फारसं बोलायचेही नाहीत. फाटकापर्यंत बरोबर चालायचं, तो तुळजापूरच्या गाडीला पळायचा, ती गिरणीकडं वळायची. तेवढंही पुरायचं तिला.

मग एक दिवस तिला ताप आला. दुपारपर्यंत ती पडून राहिली. पण प्रॅक्टिकलची वेळ झाली तसा जीव राहीना. उठली, तोंडावर पाणी मारलं, गेली. उशीर झाला होता. लॅबच्या दारात पोचली आणि पाय तिथंच थांबले.

खिडकीजवळच्या टेबलावर कैवल्यच्या शेजारी श्रिया उभी होती. पुढच्या टेबलावरची, हसरी, सगळ्यांची लाडकी. कैवल्यनं नळी तिच्यापुढं धरली होती.

“तुला काय दिसतंय... सांग.”

तेच शब्द. तशीच मान किंचित कलती करून.

राजेश्वरी आत गेलीच नाही. जिना उतरून खाली आली. फाटकाबाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, पोरं चहाच्या गाड्यावर हसत होती, आणि तिला वाटलं, एवढ्या माणसांत एकानं जरी विचारलं ना, ‘काय झालं गं?’ तर आपण इथंच रडू. कुणी विचारलं नाही.

म्हणजे हा सगळ्यांनाच विचारतो. ज्याच्यावर आपण मनात एवढं उभं केलं, ती त्याची बोलायची एक पद्धत आहे!

त्यानंतर तिनं रंग सांगायचं बंद केलं. टेबल तेच, दोघं शेजारीशेजारी, पण त्यानं नळी पुढं केली की ती म्हणायची, “दिसतंय की तुलाच.” तो हात मागं घ्यायचा. एकदा त्यानं विचारलं, “माझं काही चुकलं का?” ती म्हणाली, “न्हाय.” आणि ‘न्हाय’ एवढं कोरडं निघालं, की पुढं विचारायला जागाच उरली नाही.

आठवड्याअखेर चाचणी परीक्षा होती. ज्याचं त्यानं करायचं. कैवल्यच्या नळीत शिफचं पाणी होतं, त्यात त्यानं पदार्थाचे थेंब सोडले. राजेश्वरीला स्वतःचं काम करता करता कडेनं दिसत होतं. गुलाबी चढला, फिका, पण स्पष्ट. कैवल्यनं नळी उजेडात धरली. पांढऱ्या कागदापुढं धरली. पुन्हा उजेडात. मग खाली ठेवली आणि लिहिलं: बदल नाही.

तिचा हात थबकला. बदल नाही? डोळ्यांसमोर गुलाबी असताना?

मॅडमनी कागद पाहून कपाळाला हात लावला. “अरे कैवल्य, अल्डिहाइडचं कीटोन केलंस? एवढी साधी गोष्ट! लक्ष कुठं असतं तुझं?” वर्गात हशा पिकला. कैवल्य खाली बघून उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं ते चुकलेल्या मुलाचं नव्हतं. पकडलं जाण्याच्या भीतीत कित्येक वर्षं काढलेल्या माणसाचं होतं.

आणि राजेश्वरीला एकदम हातावरची ती दोन बोरं आठवली. एक लाल, एक हिरवं.

सगळे गेल्यावर तो लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसलेला सापडला. ती एक पायरी सोडून बसली.

“तुला रंग दिसत न्हाईत,” ती म्हणाली.

त्यानं एप्रन काढून मांडीवर घेतला.

“दिसतात. पण लाल, हिरवा, गुलाबी, नारिंगी... एकमेकांत मिसळून जातात. आईच्या कपाळावर कुंकू आहे एवढं दिसतं. ते लाल आहे, हे मी ऐकून आहे.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “बी.एस्सी. झाल्यावर रेल्वेची परीक्षा दिली होती. स्टेशन मास्तरची. पास झालो. बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आणि मग मेडिकल. त्यांनी ठिपक्यांचं एक पुस्तक पुढं ठेवलं. म्हणाले, यातला आकडा वाच. मला आकडाच दिसेना... नुसते ठिपके. गल्लीत अजून कुणी विचारलं की बाबा सांगतात, पोराला पुढं शिकायचं होतं.”

“इथं कुणाला सांगितलं न्हाईस?”

“केमिस्ट्री शिकणाऱ्यानं सांगायचं, मला रंग कळत नाहीत? त्यापेक्षा घमेंडखोर म्हणवून घेतलेलं बरं. एकटं काम करायचो. अंदाजानं. मग तू आलीस.”

“आणि मी न्हवते त्या दिवशी श्रिया.”

त्यानं चमकून पाहिलं. “तू आली होतीस? ... तिला विचारलं मी. ती म्हणाली, ‘ऑरेंज.’ बास, एक शब्द. माझं काम झालं. पण –”

“पण काय?”

“काही नाही.”

राजेश्वरीला त्याची कीव आली, रागही आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचंच हसं झाल्यासारखं वाटलं. झेंडूचं तोरण काय, जांभळाची जीभ काय! कुणी ऐकतंय म्हणून ती फुलत गेली होती, आणि ऐकणाऱ्याला हवी होती फक्त माहिती.

“म्हणजे तुला माझे डोळे पाहिजे होते,” ती म्हणाली. “बाकी काही न्हाय.”

कैवल्यनं वर पाहिलं. “आत्ता मी काहीही बोललो तरी तुला ते खोटंच वाटेल.”

“व्हय. वाटंल.”

ती उठून निघून गेली.

त्या दिवशी गिरणी उशिरापर्यंत चालू होती. फरशीच्या थरथरण्यात राजेश्वरी पाय पोटाशी घेऊन बसली होती. वार्षिक नव्हे, पण सत्राची मोठी परीक्षा तोंडावर आली होती. बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाला वेगळं टेबल. तिथं त्याला सांगायला कोण असणार? असं वाटलं, मरू दे, माझं काय जातंय. मग वाटलं, खोकून खुणा कराव्यात. मग त्याचीही लाज वाटली. आणि मग, केव्हा ते तिलाही कळलं नाही, ती एकेका चाचणीचा वेगळ्याच बाजूनं विचार करायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला लॅबच्या दारातच गाठलं.

“रंगावाचून ओळखायचं,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळ्या चाचण्या रंगाच्याच कुठं आहेत? अॅसिडला बायकार्बोनेट घातलं की फसफसतं. ते ऐकूसुद्धा येतं. अमाइड कॉस्टिक सोड्याबरोबर उकळलं की अमोनियाचा वास सुटतो. खात्री पाहिजे तर काचेची कांडी हायड्रोक्लोरिकमधी बुडवून तोंडाशी धरायची, पांढरा धूर होतो. एस्टर सोड्यात उकळत ठेवला की वर तरंगणारं तेल विरघळून जातं. मग अॅसिड घातलं की बऱ्याचदा खाली पांढरे कण बसतात. पांढरं दिसतं ना तुला?”

“दिसतं.”

“डीएनपीत गाळ आला का, एवढंच बघायचं. रंग कुठला का असंना. आला, तर अल्डिहाइड नाहीतर कीटोन. आणि त्या दोघांतला फरक टॉलेन्सच्या चाचणीनं. चांदीचा आरसा झाला तर अल्डिहाइड, न्हाय झाला तर कीटोन. फक्त नळी लई स्वच्छ पाहिजे. घाण असली तर आरशाऐवजी काळा गाळ येतो.”

तो तिच्याकडं बघतच राहिला. “हे... तू माझ्यासाठी शोधलंस?”

“पुस्तकात हाय सगळं. मी शोधलं न्हाय काही. चल, वेळ घालवू नको.”

लोमटे मॅडमनी जादा सरावाला परवानगी दिली. दुपारी सगळे निघून गेले की दोघं थांबायचे. ती त्याला अनोळखी बाटली द्यायची आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहायची. मागून नळ्यांची किणकिण, बर्नरची फरफर, त्याचं पुटपुटणं. मग तो म्हणायचा, “एस्टर.” ती नकारार्थी मान हलवायची. “कीटोन.” पुन्हा मान. सुरुवातीला तो चुकायचा, वैतागायचा. मग चुकेनासा झाला.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यानं तिला एकही रंग विचारला नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खोलीवर परत येताना, धुरपताबाईंच्या दारावरून जाताना तिच्या मनात आलं, आपण आपल्याच हातानं आपली गरज संपवली. एकदा परीक्षा झाली की तो त्याच्या वाटेनं. आपल्याला ‘सांग’ म्हणणारं कुणी उरणार नाही. आई म्हणेल, करमतंय का? आणि ती म्हणेल, व्हय की.

तरीही तिनं दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांत अवघड बाटली दिली.

परीक्षेला कैवल्यचं टेबल तिच्या तिरकस पुढं होतं. तिनं ठरवलं होतं, बघायचं नाही. पण कडेनं दिसायचं ते दिसलंच. डीएनपीत गाळ आला. त्यानं टॉलेन्स केलं, नळी गरम पाण्यात ठेवली. आणि नळीत काळपट गाळ तरंगायला लागला. आरसा नाही.

‘आरसा नाही म्हणजे कीटोन,’ असं लिहून मोकळा होईल का हा? शिफची बाटली त्याच्या हाताशीच होती. समोरच्या टेबलावर श्रिया होती. हळूच विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं.

कैवल्यनं कुणाकडंच पाहिलं नाही. त्यानं नवी नळी घेतली. सोड्यानं धुतली, नायट्रिकनं धुतली, साध्या पाण्यानं, मग शुद्ध पाण्यानं, पुन्हा पुन्हा. लोक निष्कर्ष लिहायला लागले तरी तो धूतच होता. मग पुन्हा टॉलेन्स. पुन्हा गरम पाणी. आणि थोड्या वेळानं नळीच्या आतल्या भिंतीवर लख्ख चांदी चढली.

परीक्षक वयस्कर होते, कडक. त्यांनी कागद पाहिला.

“उत्तर बरोबर आहे. पण इतका वेळ? शिफची चाचणी का नाही केली? गुलाबी रंग आला की काम झालं असतं.”

सगळी लॅब तिकडंच बघत होती. राजेश्वरीनं पेन खाली ठेवलं.

“सर, मला गुलाबी ओळखता येत नाही,” कैवल्य म्हणाला. आवाज जरा कापला, पण मोठा होता. मागच्या टेबलापर्यंत गेला. “मी रंगांध आहे. म्हणून जे ओळखता येतं त्यानं ओळखलं.”

लोमटे मॅडमचा हात तोंडाशी गेला. परीक्षकांनी नळी उचलली, फिरवून पाहिली.

“डॉक्टरांना दाखवलंय?”

“हो सर. यावर औषध नाही.”

“हं.” त्यांनी नळी जपून स्टँडमध्ये ठेवली. “आरसा चांगला झालाय. असा स्वच्छ मला फार वेळा बघायला मिळत नाही.” आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले.

परीक्षा संपल्यावर सगळ्यांनी कैवल्यला गराडा घातला. “अरे, सांगायचं ना!” “म्हणून तू एकटा असायचास?” “मग माझा ड्रेस तुला कसला दिसतो रे?” ज्याला सगळे घमेंडखोर म्हणत होते तो एका तासात सगळ्यांचा झाला. राजेश्वरीनं एप्रनची घडी केली. त्यानं घोळक्यातून एकदा मान उंचावून तिला शोधलं, पण कुणीतरी त्याचा हात ओढला. ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली. गिरणीवरच्या खोलीला कुलूप घालून ती स्टँडवर आली. कळंबची गाडी लागलेली होती. तिनं खिडकीची जागा धरली, बॅग पायाशी घेतली. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. परत यायचं की नाही, याचा विचार ती करत नव्हती. विचार नको म्हणून ती पलीकडच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती.

शेजारी कुणीतरी बसलं. तिनं बॅग सरकवली आणि वर पाहिलं.

कैवल्य.

“तुळजापूरची गाडी पलीकडं लागती,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग?”

“येरमाळ्यापर्यंत येतो म्हटलं. तुझ्याबरोबर.”

“येरमाळ्यात काय काम?”

“काही नाही.”

गाडी सुरू झाली. तो गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसला होता, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

“आता मला रंग विचारायला कुणी लागत नाही,” तो म्हणाला.

“चांगलंच झालं की.”

“म्हणून तर आलो.”

तिला अर्थ लागला नाही. तो शब्द शोधत होता.

“त्या दिवशी पायऱ्यांवर... मला बोलायचं होतं. पण मला तुझी गरज होती ना. तेव्हा काहीही बोललो असतो तर तुला जन्मभर वाटलं असतं, हा कामापुरतं बोलला. कदाचित माझंही मला नक्की कळलं नसतं. म्हणून थांबलो. आता काम संपलं. परीक्षा झाली. सगळ्यांना सगळं कळलं. घरी बाबांनाही सांगितलं, आता गल्लीत खरं काय ते सांगून टाका म्हणून. आज मला तुझ्याकडून काहीच नकोय.” तो थांबला. “तरी कालपासून करमत नाहीये, राजेश्वरी. घोळक्यात होतो... सगळे चांगलं बोलत होते. आणि तू जिना उतरून गेलीस, तर सगळी लॅब रिकामी झाल्यासारखी वाटली मला.”

त्यानं तिचं नाव घेतलं होतं. हळू, पूर्ण, प्रत्येक अक्षर जागेवर ठेवून. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. रस्त्याकडेची बाभळीची झाडं मागं पळत होती. येडशीचं जंगल दिसायला लागलं.

“रागावलीस?”

तिनं मान हलवली. नाही.

“मग काहीतरी बोल ना.”

“लई उशीर केलास,” ती म्हणाली. आवाज फुटत होता. “मला वाटलं, संपलं सगळं.”

“मलाही तेच वाटत होतं. तू काल गेलीस तेव्हा.”

दोघांच्या मध्ये तिची ओढणी पडली होती. त्यानं ती उचलून तिच्या मांडीवर ठेवली, आणि त्याचा हात तिथंच, तिच्या हाताच्या कडेला टेकून राहिला. तिनं आपला हात काढून घेतला नाही.

“तिकीट!” कंडक्टर येऊन उभा राहिला. “कुठं?”

“येरमाळा, एक,” कैवल्य म्हणाला.

“थांबा,” राजेश्वरी म्हणाली. “येरमाळ्याहून धाराशिवला जायला गाडी मिळंल का आत्ता?”

“आत्ता? अवघड हाय, ताई. उन्हात बसावं लागंल.”

“मग कळंब द्या. एक फुल, एक लेडीज हाफ.”

कंडक्टरनं दोघांकडं एकदा पाहिलं आणि मशीनची बटणं दाबली. कैवल्य अजून तिच्याकडं बघत होता.

“कळंबला जाऊन मी काय करू?”

“स्टँडवर आण्णा येणारेत मला न्यायला.”

तो ताठ झाला. “आण्णा? तुझे वडील? मग मी... मी मागच्या दारानं उतरू का?”

“कशाला?” राजेश्वरी हसली. डोळे ओले होते, तरी हसली. “चहा प्यायचा त्यांच्याबरोबर. हा माझ्या वर्गातला कैवल्य, म्हणून सांगते मी. पुढचं तू बोल.”

कैवल्य शर्टाची कॉलर नीट करायला लागला.